आधी शून्य बघा

पृथ्वी आपल्याला धरून ठेवते याबद्दल तिचे रोज मनापासून आभार मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आपण सगळे पृथ्वीवर राहतो ते भाडेकरूसारखे. नळाला पाणी येतंय ना, मग मालकाची चौकशी कोण करतो? साडूभाऊ मात्र सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकला की आधी जमिनीवर टाच दोनदा आपटतात आणि समाधानाने म्हणतात, "आहे." लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात अक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, "काय आहे?" असं विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर अजून संपलेलं नाही. मध्ये दोन मुली झाल्या, शिकल्या, लग्न होऊन पुण्याला आणि बंगळुरूला गेल्या, जेलरोडला घर झालं, साडूभाऊ निवृत्त झाले; उत्तर आपलं चालूच आहे.

त्यांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात गेली, मापकयंत्रं तपासून जुळवण्याच्या खात्यात. दाब दाखवणारी तबकडी खरं बोलते की खोटं, हे तिच्याखाली लोखंडी वजनांचा भार देऊन बघायचं, असं ते काम. नोकरीला लागल्या लागल्या कुणा साहेबाने त्यांना सांगितलं की वजन तेच असलं तरी ते खाली किती जोराने दाबेल हे गावागावावर अवलंबून असतं, कारण गुरुत्व क्षेत्राची तीव्रता सगळीकडे अगदी सारखी नसते. साहेब एवढं बोलून बदलून गेला. आपण मागे काय लावून ठेवलंय याची त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसेल. साडूभाऊंनी त्या दिवसापासून हे क्षेत्र जे मनावर घेतलं, ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही.

मला त्यांनी हे प्रकरण पहिल्यांदा समजावलं ते माझ्याच लग्नाच्या पंगतीत. मी बोहल्यावरून नुकता उतरलेला, पोटात कावळे ओरडत होते आणि शेजारी हे. म्हणाले, "पाहुणे, पृथ्वी काय दोरी टाकून ओढते का आपल्याला? नाही. तिने सगळा परिसर आधीच भारून ठेवलेला असतो, कुणी येवो न येवो. तुम्ही तिथे जाऊन उभे राहिलात की तुमच्या दर किलोमागे ठरलेला जोर लागतो. तो जो किलोमागचा जोर, ती त्या जागेची तीव्रता. आता ही पंगत बघा. पानामागे दोन लाडू ठरलेत. शंभर पानं बसली तर दोनशे लाडू लागतील, दहा बसली तर वीस. पण पानामागे दोनच. तसे आपल्या नाशकात किलोमागे नऊ पॉइंट आठ न्यूटन. चंद्रावर एक पॉइंट सहा. हा जागेचा गुण आहे, माणसाचा नाही. मंत्री उभा राहिला तरी किलोमागे तेवढंच आणि तुम्ही उभे राहिलात तरी तेवढंच." एवढ्यात वाढपी आला, आणि माझ्या पानात दोन लाडू टाकून त्यांच्या पानात एकच टाकून गेला. साडूभाऊंनी त्याला परत बोलावून क्षेत्र दुरुस्त करून घेतलं.

भाजी आणायला ते जातात तेव्हा भाजीवाले एकमेकांना खुणावतात. वजन वेगळं आणि वस्तुमान वेगळं, वजन म्हणजे नुसता जोर, तो चंद्रावर नेला की कमी होईल, खरी वस्तू म्हणजे वस्तुमान, हे त्यांनी जेलरोडच्या सगळ्या गाड्यांवर एकदा तरी सांगून झालेलं आहे. त्यातून विजेवरचे काटे आल्यापासून त्यांच्या जिवाला नवा घोर लागला. हा काटा आतल्या आत जोर मोजतो आणि किलो म्हणून दाखवतो. तेव्हा ज्या गावात तो जुळवला तिथली तीव्रता त्याच्या पोटात असते, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे म्हणे. पण म्हणून कांदे घेताना, "हा काटा कोणत्या गावी जुळवलाय?" असं विचारायचं का? भाजीवाली येवल्याकडची, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "काका, काटा दिल्लीचा असंल नायतर लंकेचा, कांदा आमच्या रानातला हाय. घ्यायचा तर घ्या, मागं लोकं उभी हायेत." साडूभाऊंनी कांदा घेतला, आणि घरी येऊन अक्कांना म्हणाले की बाई हुशार आहे, वस्तुमानाची बाजू तिला न सांगता कळली.

दवाखान्यात नवीन आलेल्या मुलीने त्यांना वजन विचारलं तेव्हा त्यांनी "साडेसहाशे" असं सांगितलं. मुलीने मान वर करून बघितलं. "साडेसहाशे न्यूटन," ते मायेने म्हणाले, "किलो हवं असेल तर वस्तुमान विचारायचं, बाळ." आमच्या हिला त्यांनी एकदा सांगितलं की तुम्ही चंद्रावर जेमतेम अकरा किलो भराल. ही दोन दिवस हवेत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून खुलासा केला की काटा अकरा दाखवेल हे खरं, पण वस्तुमानात मात्र गुंजभरही फरक पडणार नाही, गैरसमज नको. त्या फोनपासून ही त्यांच्याशी महिनाभर बोलत नव्हती. आणि शेजारचे बँकवाले काका दिवाळीचा आकाशकंदील लावताना शिडीवरून सरळ तुळशीच्या कुंड्यांत पडले, तेव्हा सगळ्यांच्या आधी धावून गेले ते साडूभाऊच. पण उचलायच्या आधी त्यांनी शिडीची उंची डोळ्यांनी मोजली आणि म्हणाले, "घाबरू नका, इथे सेकंदाला नऊ पॉइंट आठनेच वेग वाढतो. तुम्हाला सेकंदसुद्धा मिळाला नाही. गुरूवर असता तर कंबर गेली असती." काका कुंडीतूनच म्हणाले की गुरूवर असतो तर शेजार तरी वेगळा मिळाला असता.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांचं शून्य. कोणताही काटा, कुठलाही, दिसला की साडूभाऊंच्या तोंडून आधी निघतं, "आधी शून्य बघा!" काहीही न ठेवता काटा शून्यावर उभा आहे का? नसेल, तर पुढे तो जे बोलेल ते सगळं खोटं. वाण्याकडे, रद्दीवाल्याकडे, एसटीच्या पार्सलखिडकीशी, कुठेही. सराफ बाजारात धाकट्या मुलीच्या लग्नाची खरेदी चालू असताना त्यांनी सराफाला शून्य दाखवायला लावलं. ते दाखवल्यावर, वाऱ्याने पारडं थरथरतं म्हणून पंखा बंद करायला लावला. आणि ऐन मे महिन्यात दुकानातली झाडून सगळी गिऱ्हाइकं पदराने वारा घेत साडूभाऊंकडे बघत बसली. अक्कांनी त्या दिवशी बांगड्या पसंत केल्या त्या घामाच्या धारांमधून. घरी त्यांच्याकडे स्वतःचं एक दोन किलोचं लोखंडी वजन आहे, निवृत्तीच्या वेळी मित्रांनी प्रेमाने भेट दिलेलं. पिवळ्या फलालीनच्या फडक्यात गुंडाळून ते देवघराच्या खालच्या कप्प्यात असतं, म्हणजे देव वर आणि हे खाली. त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही, घाम लागतो. शेजारपाजारचे काटे त्यावर तपासून दिले जातात. हेच वजन आणि स्प्रिंगचा काटा पिशवीत घालून ते एकदा मला अंजनेरीवर घेऊन गेले होते, उंचावर तीव्रता कमी होते हे दाखवायला. मी धापा टाकत वर पोचलो. काट्याला वजन लावलं. काटा पायथ्याशी होता तिथेच, केसभरही हलला नाही. साडूभाऊंनी काट्याला दोनदा टिचकी मारून पाहिली. मग म्हणाले, "फरक पडलाय. पण तो इतका बारीक आहे की हा काटा तो अंगाला लावून घेत नाही." उतरताना मात्र ते वजन मी उचललं होतं, आणि माझ्या मते ते वाढलं होतं.

असा माणूस. आणि मग अक्का आजारी पडल्या.

पोटाचं दुखणं, त्यातून ऑपरेशन, पंधरा दिवस दवाखाना. ऑपरेशन नीट झालं, पण घरी आल्यावर त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. दोन घास खाल्ले की ताट बाजूला. डॉक्टर म्हणाले, औषध आपलं काम करतंय, आता वजन उतरता कामा नये, लक्ष ठेवा. लक्ष ठेवायला सांगितलं ते साडूभाऊंना! त्यांनी त्याच दिवशी पाय ठेवून उभं राहायचा, गोल तबकडीचा काटा आणला. विजेवरचा नव्हे, स्प्रिंगचाच, ज्याच्या पुढच्या बाजूला शून्य जुळवायचं छोटं चाक असतं तसा. त्यावर किलो छापलेत याबद्दल कंपनीला चार शब्द ऐकवले, आणि दर रविवारी आंघोळीनंतर अक्कांना त्यावर उभं करायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी काटा थोडा उतरला. दुसऱ्या रविवारी बावन्नवर आला. अक्का खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "मी विरघळत चालले हो." त्या दिवशी त्यांनी पेजसुद्धा घेतली नाही. आमची ही तिथे होती, ती सांगत होती की साडूभाऊ हातात वाटी घेऊन दारात उभे राहिले होते, काही न बोलता. साडूभाऊ आणि काही न बोलता!

त्यानंतरच्या रविवारी मात्र चमत्कार झाला. काटा बावन्नवरच. पुढच्याही रविवारी बावन्न. अक्कांच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. "थांबलं वाटतं उतरायचं," त्या म्हणाल्या आणि अर्धी भाकरी खाल्ली. आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं. त्याच सुमारास मी एका रविवारी मिसळ हाणून त्यांच्याकडे गेलो, सहज गंमत म्हणून काट्यावर उभा राहिलो, तर तीन किलो वाढलेलो! हीसुद्धा चढली, तिचेही तीन वाढलेले. घरी येऊन आमची मिसळ बंद झाली, साखर बंद झाली, रात्री दुधी भोपळा सुरू झाला. मी साडूभाऊंकडे तक्रार केली तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाहुणे, तुम्ही वाढला नाहीत. आपल्या भागात क्षेत्राची तीव्रता वाढलेली दिसते. खाली जमिनीत एखादा जड खडक असला म्हणजे होतं असं." आता क्षेत्राच्या बाबतीत हा माणूस मरेल पण खोटं बोलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक. मी हिला सांगितलं, हिने शेजारणीला सांगितलं, आणि बघता बघता कॉलनीतल्या बायकांनी हा खडक मनापासून स्वीकारला. ज्यांच्या ज्यांच्या घरचे काटे वर गेले होते त्यांना खडकाने फार मोठा आधार दिला. आमच्याकडचा दुधी भोपळा बंद झाला.

एके दुपारी मी डबा परत द्यायला गेलो. अक्का आत झोपल्या होत्या. व्हरांड्यात काटा होता, त्यावर कुणी नव्हतं, आणि तो तीनवर उभा होता. इतकी वर्षं या माणसाचा सहवास लाभल्याने माझा हात आपोआप त्या चाकाकडे गेला. तेवढ्यात मागून आवाज आला, "हात लावू नका!" साडूभाऊ मला दंडाला धरून मागच्या पेरूच्या झाडाखाली घेऊन गेले आणि तिथे, कुंड्यांकडे बघत, त्यांनी सगळं सांगितलं. अक्कांचं वजन उतरतच होतं. बावन्नला त्यांनी धसका घेतलेला बघून यांनी पुढच्या शनिवारी चाकाला अंगठा लावला, आणि शून्य एकने पुढे सरकवलं. मग दोनने, मग तीनने. अक्का जितक्या उतरतील तितकं शून्य वर. "डॉक्टरांना खरा आकडा फोनवर सांगतो," ते म्हणाले, "त्यांच्याशी खोटं नाही. पण हिने काटा बघून जेवण सोडलं तर मी काय करू? आयुष्यभर लोकांची शून्यं सरळ केली हो, पाहुणे. आणि स्वतःच्या घरातलं वाकडं करून बसलोय." त्यांचे डोळे भरून आले होते. विषय बदलायला मी खडकाची चौकशी केली. ते म्हणाले, "कसला खडक? शून्याची चूक सगळ्यांच्या वजनात सारखीच मिळते, तीन म्हणजे तीन. क्षेत्र वाढलं असतं तर किलोमागे वाढलं असतं, तुम्हाला जास्त, तुमच्या हिला कमी. कुणाच्या लक्षात नाही आलं म्हणून बरं." माझ्या तर नव्हतंच आलं. मला फक्त दुधी भोपळा आठवला.

आणि या खोटेपणाचा गुण आला. काटा उतरत नाही म्हटल्यावर अक्कांना हुरूप आला, हुरुपाने घास जाऊ लागला, आणि घास जाऊ लागल्यावर वजन खरोखरच सावकाश चढायला लागलं. आता साडूभाऊंचं काम उलटं. अक्का चढतील तितकं शून्य मागे घ्यायचं. तबकडीवर आपलं बावन्नच. उतरतानाही बावन्न, चढतानाही बावन्न. एकदा का शून्य शून्यावर आलं की सुटलो, असं ते मला कानात सांगत, शिक्षा भोगून सुटणाऱ्या कैद्यासारखं.

ते सुटायच्या आधीच सासूबाई आल्या. आम्हा दोघांच्या सासूबाई एकच, निफाडच्या अलीकडच्या गावात राहतात, वय झालं तरी आवाज खणखणीत. आल्या त्या पाय धुवायच्या आधी म्हणाल्या, "म्या देवीला बोलले व्हते, माझी लेक उठून बसली का तिला गुळानं तोलीन. आता ती भाकरी खाती. देवीला अजून किती ताटकळत ठिवायचं?" त्यांच्या गावच्या टेकडीवर देवी आहे, आणि तिच्या मंडपात तुळईला टांगलेला भला मोठा तराजू. एका पारड्यात नवसाचं माणूस, दुसऱ्यात गूळ. गूळ घरूनच माणसाच्या भाराइतका जोखून न्यायचा, आणि एकदा देवीपुढे मांडलेला खडासुद्धा परत उचलायचा नाही, ही तिथली रीत. कमी पडला तर आणखी आणता येतो. पण जास्त झाला तर माणूस आपलं अधांतरी.

"किती भरतीस गं?" सासूबाईंनी विचारलं.

साडूभाऊंनी घाईघाईने पाय धुवायला पाण्याचा तांब्या पुढे केला. अक्काच शांतपणे म्हणाल्या, "बावन्न."

शून्य तेव्हा दोनवर होतं. म्हणजे अक्का खऱ्या पन्नास. साडूभाऊंचा चेहरा गुळाच्या काहिलीत पडल्यासारखा झाला. त्यांनी नाना परीने तो बेत लांबवून पाहिला. ऊन फार आहे म्हणाले, रस्ता खराब आहे म्हणाले. शेवटी, स्प्रिंगच्या काट्यावर तोललं तर चालणार नाही का, असंही विचारून झालं. सासूबाई म्हणाल्या, "जावयबापू, तुमचं ते न्यूटन देवीला नाय कळत. तिला पारडं कळतं." मला बाजूला घेऊन साडूभाऊ कळवळून म्हणाले, "तिथेच तर मरण आहे, पाहुणे. दोन पारड्यांच्या तराजूत क्षेत्र दोन्हीकडे सारखंच लागतं. चंद्रावर न्या, गुरूवर न्या, पन्नासला पन्नासच लागणार. त्याला फसवताच येत नाही. सगळ्या गावासमोर ही वर लटकेल, आणि तिला कळेल की मी इतके दिवस... परत जेवण सोडलं तर?" मी म्हटलं, मी पारड्याजवळ उभा राहतो, हळूच हात टेकवतो. ते एकदम ताठ झाले. "तराजूला हात लावायचा? ते नाही होणार माझ्याच्याने. शून्य हलवलं तेवढं पुरे झालं."

ठरलेल्या दिवशी आम्ही सकाळीच त्यांच्याकडे पोचलो तर घरात निराळाच गोंधळ. साडूभाऊंचं दोन किलोचं वजन सापडत नव्हतं. देवघराचा खालचा कप्पा रिकामा. त्यांनी कपाटं उपसली, पलंगाखाली वाकून पाहिलं. अक्का वेणी घालत होत्या. म्हणाल्या, "पृथ्वीवरच असेल कुठेतरी, वर तर जाणार नाही. चला, उशीर होतोय." चैत्राचं ऊन असूनही त्यांनी जाड शाल घेतली होती, घडी घालून छातीशी धरलेली. आजारातून उठलेलं माणूस, वारं लागेल, असं म्हणून आमच्या हिने अक्कांची बाजू घेतली.

टेकडीवर सासूबाईंचं सगळं गाव लोटलं होतं. गुऱ्हाळावरून जोखून आणलेल्या गुळाच्या ढेपा एका पारड्यात रचल्या, ते पारडं जमिनीला टेकलं. देवीला हात जोडून अक्का दुसऱ्या पारड्यात बसल्या. कुणीतरी म्हणालं, शाल द्या इकडं. "राहू दे मांडीवर," अक्का म्हणाल्या आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसल्या. साडूभाऊ खांबाला धरून उभे होते. गुरवाने पारड्याखालचा पाट काढला. दांडी एकदा इकडे, एकदा तिकडे डुलली, आणि मग आडवी, अगदी पाण्याच्या पातळीसारखी आडवी होऊन थांबली. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. लोकांनी देवीचा जयजयकार केला, वाजंत्री सुरू झाली.

साडूभाऊ तेवढे त्या दांडीकडे टक लावून बघत होते. इतक्या लोकांत त्यांना आणि मला दोघांनाच माहीत होतं की ही दांडी आडवी राहणं शक्य नाही. त्यांची नजर दांडीवरून साखळीवर आली, साखळीवरून पारड्यात, आणि पारड्यात अक्कांच्या मांडीवरच्या शालीपाशी थांबली. शालीच्या घडीतून बोटभर पिवळं फलालीन बाहेर आलं होतं.

त्यांनी खांब सोडला. मग पुढे झाले, घसा खाकरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या टेकडीवर क्षेत्राची तीव्रता जरा जास्तच आहे, बरं का."

उंचावर ती कमी असते, हे मला अंजनेरीवर घाम गाळून शिकवणारा हा माणूस. तराजूला तिचा फरकच पडत नाही, हेही त्यानेच आदल्या आठवड्यात सांगितलेलं. अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "असणारच. मलाही बसल्यापासून जाणवतंय."

पारड्यातून उतरताना शाल अक्कांनी माझ्या हातात दिली. माझा हात एकदम खाली गेला. गूळ वाटायची गडबड चालली होती तेव्हा निंबाच्या सावलीत मी त्यांना विचारलं, "अक्का, तुम्हाला कधी कळलं?"

"शून्य हललं त्याच रविवारी, भाऊजी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं यांचं 'आधी शून्य बघा' ऐकतेय. न बघता चढेन का मी काट्यावर? आणि तुम्ही जाडे, माझी बहीण मध्यम, दोघांचे तीन-तीनच कसे वाढले? किलोमागे वाढायला नको? पानामागे दोन लाडू, हे लग्नापासून ऐकलंय मी." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "यांनी माझ्यासाठी शून्य हलवलं. यांनी! मग मला खावंच लागलं हो. न खाऊन कसं चाललं असतं? त्यांना सांगू नका मात्र, मला माहीत आहे म्हणून."

मी नाही सांगितलं. सांगायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी ते वजन देवघराच्या खालच्या कप्प्यात होतं, पिवळ्या फडक्यात, नीट गुंडाळलेलं. कुठे सापडलं, हे साडूभाऊंनी विचारलं नाही आणि अक्कांनी सांगितलं नाही.

याला आता बरेच दिवस झाले. अक्का बावन्न केव्हाच ओलांडून गेल्या, चांगल्या सुधारल्या. काट्याचं शून्य शून्यावर आलं आणि कॉलनीतला खडक एका रात्रीत नाहीसा झाला, त्यामुळे काही घरांत पुन्हा दुधी भोपळा शिजू लागला. साडूभाऊ मात्र थकले. टाच अजून आपटतात, पण एकदाच. सदरे खांद्यावरून उतरायला लागलेत, आणि रविवारी काट्यावर आता अक्का त्यांना उभं करतात.

गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा काटा व्हरांड्यात मांडलेला होता. त्यावर कुणी नव्हतं, आणि तो एकच्या थोडा पुढे उभा होता. माझा हात सवयीने चाकाकडे गेला आणि मी तो मागे घेतला. अक्का भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. आतून साडूभाऊ आले. जगातल्या प्रत्येक काट्याचं शून्य तपासणारा तो माणूस समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सरळ काट्यावर चढला, मग खाली पाहिलं आणि म्हणाला, "मागच्याइतकंच आहे."

"मग बसा जेवायला," अक्का म्हणाल्या.